मात्रेचा कोन मोजायचा तर: पोस्टेज ड्यू तिकिटांसाठी घेतलेला डिजिटल मायक्रोस्कोप

मी चौतीस वर्षं मुद्रितशोधन केलं. सुरुवात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून छापायच्या काळात झाली, शेवट पडद्यावर. निवृत्त झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण सवय सुटली नाही. पान समोर आलं की मजकुराच्या आधी मोडकी वेलांटी आणि गळलेली मात्रा दिसते. पोस्टेज ड्यू तिकिटांकडे मी ओढली गेले ती बहुतेक यामुळेच. या तिकिटांवर राजाराणी नाहीत, पक्षी नाहीत, फुलं नाहीत. मधे एक आकडा, भोवती दोन-चार शब्द आणि थोडी नक्षी. नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेल्या, किंवा कमी पैशांच्या पत्रावर पोस्टाने ते चिकटवायचं आणि तेवढे पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायचे, एवढंच त्याचं काम. म्हणून ती साधी छापली, पुन्हा पुन्हा त्याच नमुन्यावरून छापली, आणि एका छपाईतला फरक दुसऱ्यापासून ओळखायचा तर अक्षर, रेघ आणि कागद यांच्याशिवाय हाताशी काही नसतं.

गेले सात महिने मी या कामासाठी छोटा पडदा असलेला डिजिटल मायक्रोस्कोप वापरते आहे. खाली धातूची पट्टी, तिच्यावर उभा दांडा, दांड्यावर वर-खाली सरकणारा कॅमेरा, भिंगाभोवती आठ एलईडी दिव्यांचं कडं आणि वर तळहाताएवढा पडदा, अशी त्याची रचना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच यंत्र निरनिराळ्या नावांनी विकलं जातं आणि मला सांगायचं आहे ते या सगळ्यांना लागू आहे. यातलं काय उपयोगी पडलं आणि कशाने फसवलं, ते नीट लिहिते.

आधी ज्यासाठी घेतलं ते. जगातली पहिली पोस्टेज ड्यू तिकिटं फ्रान्सची, १ जानेवारी १८५९ पासूनची. काळ्या शाईत छापलेली, दात्यांशिवाय, म्हणजे कडेला फाडायची छिद्रं नसलेली, चौकोनी, मधे १० चा आकडा आणि 'सेंतीम आ पेर्सव्वार', म्हणजे 'इतके सेंतीम वसूल करायचे', अशी अक्षरं. पोस्टमनने दारात किती पैसे घेतले याचा हिशोब राहावा म्हणून ती काढली. हे दहा सेंतीमचं तिकीट आधी शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावरून छापलेलं, होतं आणि त्याच वर्षी उठावाच्या छपाईत, म्हणजे उंच अक्षरांच्या ठशावरून, आलं. दोन्ही दिसायला सारखी. पण शिळाछाप तिकीट फार दुर्मीळ आहे, उठावाचं त्या मानाने सहज मिळतं.

फरक ओळखायच्या जागा दोन. 'सेंतीम'मधल्या 'ई' (E) या रोमन अक्षराची मधली आडवी रेघ शिळाछापात अगदी आखूड असते, उठावाच्या छपाईत ती वरच्या-खालच्या रेघांच्या जवळपास बरोबरीची असते. दुसरी खूण म्हणजे 'आ'वरची (à) तिरकी रेघ. आपल्या मात्रेसारखीच ती अक्षराच्या डोक्यावर बसते. दहा सेंतीमच्या शिळाछापात तिचा कोन ३० अंशांचा, उठावाच्या छपाईत ४७ अंशांचा. नंतर पंधरा सेंतीमचंही शिळाछाप तिकीट निघालं, त्यात तो कोन १७ अंशांचा. हे सगळं कॅटलॉगमध्ये दोन ओळींत लिहिलेलं असतं. पण जी मात्रा एका मिलिमीटरच्या आत संपते तिचा कोन दहापट भिंगातून, एका डोळ्याने, हात न हलवता कसा मोजायचा?

माझ्याकडे एक तिकीट टपालाने आलं होतं, 'शिळाछाप' अशी चिठ्ठी लावलेलं. चार दिवस मी भिंगातून बघत होते. कधी वाटायचं हीच ती, कधी वाटायचं नाही. मायक्रोस्कोप आला त्या संध्याकाळी ते पहिलं तिकीट खाली ठेवलं. 'आ' पडद्यावर अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा झाला, डोक्यावरची रेघ माझ्या बोटाच्या पेराएवढी. कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक मी सरळ पडद्यावर टेकवला. रेघ पंचेचाळीसच्या पुढे होती. 'ई'ची मधली रेघ पाहिली, ती जवळजवळ पूर्ण लांबीची.

तरी माझं समाधान झालं नाही, कारण नकला करणाराही कॅटलॉग वाचतो. मग मी यंत्राचे दिवे बंद केले आणि एक लहान टॉर्च तिकिटाच्या कडेला, जवळजवळ टेबलाला टेकवून, आडवी धरली. ज्यांनी खिळ्यांवर काम केलं आहे त्यांना हे दृश्य लगेच कळेल. उठावाच्या छपाईत अक्षर उंच असतं, ते कागदात रुततं, आणि दाबाने शाई अक्षराच्या मध्यातून कडेला सरकते. त्यामुळे प्रत्येक रेघेला काठ असतो, कडेला गडद, आत किंचित फिकी. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, छापलेल्या कागदाची पाठ बोटाला लागते, ती याच दाबामुळे. पडद्यावर प्रत्येक अक्षराला तो गडद काठ होता, आणि आडव्या उजेडात आकड्याच्या कडेने बारीक सावली पडलेली होती. शिळाछापात दगड सपाट असतो, तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत एवढ्यावर ती छपाई चालते. तिथे रुतणं नाही, काठ नाही, शाई सगळीकडे एकसारखी बसते. हे तिकीट उठावाच्या छपाईचं होतं, यात आता शंका उरली नाही. मी तीन फोटो जोडून विक्रेत्याला पाठवले आणि त्यांनी तिकीट परत घेतलं. चार दिवस जे सुटत नव्हतं ते वीस मिनिटांत सुटलं. या एका कामापुरतं तरी यंत्राने पैसे फेडले असं मी मानते.

आता टॉर्चबद्दल एक गोष्ट, कारण यंत्राबरोबर आलेल्या पत्रकात ती कुठेही लिहिलेली नाही. भिंगाभोवतीच्या दिव्यांचं कडं सगळ्या बाजूंनी सारखा उजेड टाकतं. फोटो स्वच्छ येतो, पण उंचसखलपणा सगळा पुसला जातो. तिकीट ओळखताना नेमका तोच हवा असतो. कोरीव छपाईत, म्हणजे अमेरिकेच्या १८७९ च्या पहिल्या ड्यू तिकिटांसारख्या ठिकाणी, शाई कागदावर उंच बसलेली असते. दिव्यांच्या कड्यात ती रेघ सपाट दिसते, आडव्या टॉर्चमध्ये तीच रेघ बांधासारखी उभी राहते. तेव्हा या जातीचं यंत्र घेणार असाल तर एकच गोष्ट आधी तपासा: त्याचे दिवे पूर्ण बंद करता येतात का. काही यंत्रांत ते फक्त मंद होतात. मंद उजेडाने हे काम होत नाही.

दुसरं काम, ज्यात या यंत्राला तोड नाही, ते हॉलंडच्या तिकिटांचं. १८७० ची पहिली दोन सोपी आहेत: पाच सेंट नारिंगी कागदावर तपकिरी, दहा सेंट निळ्या कागदावर जांभळं. खरी परीक्षा १८८१ पासूनच्या फिक्या निळ्या मालिकेत. मधे काळा आकडा, भोवती 'ते बेतालेन पोर्त', म्हणजे 'भरायचं टपालशुल्क', ही अक्षरं आणि बारीक कड्यांची साखळी. या साखळीतल्या कड्या मोजायच्या. पहिल्या प्रकारात ३४, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात ३२, चौथ्यात ३७. भिंगातून मोजताना मी दर वेळी विसाच्या पुढे हरवायचे. कुठून सुरुवात केली तेच विसरायचं, आणि गोल साखळीला सुरुवात नसतेच.

आता मी तिकिटाचा फोटो घेते, कागदभर मोठा छापते आणि लाल पेन्सिलीने प्रत्येक कडीवर टिंब देत जाते. प्रूफ वाचताना ओळ संपली की कडेला खूण करायचे, तसंच. 'बेतालेन'मधल्या 'टी'पासून सुरुवात करायची, म्हणजे दुसरी खूणही त्याच वेळी तपासून होते: तो 'टी' पहिल्या प्रकारात एका कडीच्या बरोबर मध्यावर बसतो, दुसऱ्यात दोन कड्यांच्या मध्यावर, तिसऱ्यात कडीच्या मध्यापासून किंचित डावीकडे. चौथ्यात 'पोर्त' हा शब्दच बाकी तिघांपेक्षा मोठ्या अक्षरांत आहे, त्याला मोजायचीही गरज पडत नाही. जुन्या आल्बममध्ये मी 'दुसरा प्रकार' म्हणून लावलेली अकरा तिकिटं होती. टिंबं देऊन मोजली तर त्यातली सात तिसऱ्या प्रकारातली निघाली. त्या दिवशी सगळं पान उकलून पुन्हा लावलं.

हाच नमुना हॉलंडने आपल्या वसाहतींना दिला, आणि या तिकिटांवर देशाचं नाव नाही. ईस्ट इंडीजची किरमिजी, कुरासाओची हिरवी, सुरिनामची जांभळट, आकडा सगळीकडे काळा. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी रंग बघा, देश कळेल. यंत्र त्यानंतर, प्रकार शोधायला.

आणि रंगावरून यंत्राच्या सगळ्यात मोठ्या दोषाकडे येते. याच्या पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. अमेरिकेची ड्यू तिकिटं १८७९ मध्ये तपकिरी छापली, १८८४ मध्ये तोच नमुना लालसर तपकिरी, १८९१ मध्ये झळझळीत वाईनच्या रंगात. नमुना एक, आकडे तेच, वेगळी ओळख फक्त रंगाने. मी तपकिरी आणि लालसर तपकिरी अशी दोन खात्रीची तिकिटं शेजारी ठेवून फोटो घेतले. एकेकटं ठेवल्यावर दोन्ही पडद्यावर सारखीच दिसली. यंत्र समोर जे येईल त्याचा सरासरी रंग बघून पांढरा ठरवतं आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे ओढून घेतं. लालसर तिकीट समोर आलं की त्यातला लाल ते स्वतःच काढून टाकतं. हे बंद करायची सोय माझ्या यंत्रात नाही. तेव्हा रंगासाठी खिडकीशी बसायचं, सकाळी ऊन थेट येत नसेल तेव्हा, आणि खात्रीचं तिकीट शेजारी ठेवून बघायचं. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

वॉटरमार्कसाठीही हे यंत्र कुचकामी आहे. अमेरिकेच्या १८९४ च्या नमुन्याला आधी वॉटरमार्क नव्हता, १८९५ पासून दुहेरी रेघांची 'यूएसपीएस' अक्षरं कागदात आली. एका तिकिटावर त्या अक्षरांचा जेमतेम एखादा तुकडा येतो. कागदाच्या जाडीतला तो फरक भिंग कितीही मोठं केलं तरी वाढत नाही, उलट धागेच जास्त दिसायला लागतात आणि अक्षर त्यात हरवतं. काळी ताटली आणि वॉटरमार्कचं द्रावण, हेच त्याला लागतं.

दात्यांचंही तेच. दाते मोजायची रीत १८६६ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर लेग्राँ यांनी बसवली: दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं. यंत्राच्या पडद्यावर मोजपट्टी येते खरी, पण कॅमेरा नखभर वर-खाली झाला की ती चुकीची होते, आणि दर वेळी ती नव्याने जुळवत बसावी लागते. पारदर्शक प्लास्टिकची, तिरक्या रेघांची साधी पट्टी तिकिटावर सरकवली की दहा सेकंदांत उत्तर. अमेरिकेच्या त्याच १८९४ च्या नमुन्यात आधी १२, १९१४ मध्ये १० आणि १९१७ मध्ये ११ हा फरक त्या पट्टीवर सहज कळतो.

मात्र दाते खरे की नंतर पाडलेले, हे सांगताना यंत्राने मला खूश केलं. तिकीट ओळीतून फाडलं जातं तेव्हा प्रत्येक दात्याच्या टोकाला कागदाचे तंतू सुटलेले असतात, बारीक मिशांसारखे. कुणी सपाट कडेवर मागाहून छिद्रं पाडली तर टोकं कात्रीने कापल्यासारखी गुळगुळीत राहतात. वीसपट मोठं केलं की दोन्हींतला फरक लहान मुलालाही दाखवता येतो. उलट लबाडीही होते. फ्रान्सच्या १८८२ पासूनच्या 'द्युव्हाल' नमुन्याला दाते आहेत, तोच नमुना फ्रेंच वसाहतींसाठी १८८४ पासून दात्यांशिवाय निघाला. दाते कातरून टाकले की फ्रान्सचं तिकीट वसाहतीचं म्हणून खपवता येतं. तिथे यंत्र नको, चारही बाजूंचा समास बघा. तो अरुंद असेल तर ते तिकीट घेऊच नका.

तिकीट पेनाने रद्द केलेलं असेल आणि ती शाई धुऊन काढलेली असेल तर तेही पकडता येतं. धुतलेल्या जागी कागदाचे तंतू उसवलेले दिसतात आणि त्यांच्या मुळाशी शाईचा फिका माग राहतो. स्वित्झर्लंडची पहिली निळी ड्यू तिकिटं १८७८ ची, साध्या कागदावरची. पुढे काही वर्षांत तीच ग्रॅनाइट पेपरवर आली, म्हणजे कागदाच्या लगद्यातच लाल आणि निळे धागे मिसळलेले. नुसत्या डोळ्यांना मला आता ते दिसत नाहीत, पडद्यावर एकेक धागा मोजता येतो. धागा शाईच्या खालून जाताना बघणं हे मला इतकं आवडतं की ओळख पटल्यावरही मी दहा मिनिटं तशीच बसून राहते.

यंत्र हाताळण्याबद्दल थोडं. पेटीवर हजारपट लिहिलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. तिकिटांना दहा ते चाळीसपट पुरे. त्याच्या वर गेलं की पडद्यावर छपाईच उरत नाही, नुसता कागदाचा भुसा दिसतो. फोटो घेण्याचं बटण यंत्रावरच आहे, ते दाबलं की दांडा हलतो आणि फोटो पुसट येतो. बरोबर वायरीचं बटण मिळत असेल तर तेच यंत्र घ्या. तिकीट जरा गुंडाळलेलं असेल तर एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर दिसते. काच ठेवून दाबलं की दिव्यांचं प्रतिबिंब येतं. तिथेही दिवे बंद आणि टॉर्च आडवी, हाच उपाय.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून एक नुकसान झालं. बेल्जियमचं १८७० चं हिरवं दहा सेंतीम खाली होतं, मी पडद्याकडे बघत कॅमेरा खाली आणत गेले आणि भिंगाची कड तिकिटाच्या कोपऱ्यावर टेकली. कोपरा दुमडला. ती घडी आता जाणार नाही. तेव्हापासून आधी टाकाऊ तिकीट ठेवून उंची ठरवते, स्क्रू घट्ट करते आणि मगच चिमट्याने खरं तिकीट आत सरकवते. पडद्यावर नजर ठेवून कॅमेरा खाली आणायचा नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून यंत्राच्या दांड्याला बांधून ठेवलं आहे.

एक किस्सा बव्हेरियाचा, म्हणजे जर्मनीतल्या तेव्हाच्या एका राज्याचा. १८६२ चं काळं तीन क्रॉयत्सर (तिथलं जुनं नाणं) किमतीचं तिकीट, दात्यांशिवाय, कागदात लाल रेशमाचा धागा घातलेलं. त्यावर 'फॉम एम्पफेंगर त्सालबार', म्हणजे 'घेणाऱ्याने द्यायचे', असं छापलं आहे. त्याच्या काही तिकिटांत 'एम्पफेंगर'चं शेवटचं अक्षर, 'आर', छापताना गळलं आहे. मुद्रितशोधकाने शोधावं असंच हे तिकीट, आणि एका जुन्या पानावर मला ते सापडलं असं वाटलं. भिंगातून 'आर' कुठेच नव्हता. नेमका त्या जागेवर शिक्क्याचा गोल काठ आला होता. मायक्रोस्कोपखाली धरलं, टॉर्च आधी डावीकडून आणि मग उजवीकडून लावली. शिक्क्याची शाई वेगळी दिसायला लागली, जरा निळसर आणि वरवरची, आणि तिच्या खाली छपाईच्या काळ्या शाईतला 'आर'चा पाय होता. उभा दांडा पूर्ण, फक्त वरचा वळसा शिक्क्याने झाकलेला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पानावर पेन्सिलीने 'आर गळलेला?' असं लिहिलेलं होतं ते खोडलं आणि 'आर आहे, शिक्क्याखाली' असं लिहिलं.

नुकती सुरुवात केली असेल तर हे यंत्र घेऊ नका. आधी दहापट चांगलं भिंग, दात्यांची पट्टी, काळी ताटली आणि बोथट टोकाचा चिमटा घ्या. त्या चार वस्तूंनी निम्म्याहून जास्त ड्यू तिकिटं ओळखता येतात, आणि भिंगाची सवय झाल्याशिवाय पडद्यावर काय बघायचं हेही कळत नाही. पण हॉलंडची साखळी, फ्रान्सचं काळं तिकीट किंवा धुतलेल्या शिक्क्यांच्या शंका पानोपान साठल्या असतील आणि डोळे माझ्यासारखे थकले असतील, तर जरूर घ्या. मी आजही तिकीट आधी भिंगातून बघते, उत्तर कागदावर लिहिते आणि मग यंत्र लावते. सात महिन्यांनंतर दोन्ही उत्तरं जुळण्याचं प्रमाण वाढलं आहे.

घेतलंत तर पडद्यावरची प्लास्टिकची पातळ कातडी काढू नका. माझ्या यंत्राच्या पडद्यावर कोनमापकाच्या कडेने उठलेले ओरखडे आहेत, सगळे त्या कातडीवर, आणि बहुतेक पंचेचाळीस अंशांच्या आसपास.